तेहतीस फुटांचा ठिपका

उरवडे, ता. मुळशी
रविवार, ९ मार्च २०२५

तीर्थरूप मामांना साहिलचा वाकून नमस्कार.

आम्ही इकडे ठीक आहोत. पिंकीला सातवा महिना लागला. कंपनीत तिला आता बसून करायचं काम दिलं आहे, त्यामुळे पाय सुजत नाहीत. मामींच्या गुडघ्याला डॉक्टरांनी सांगितलेला पट्टा मिळाला का? तुमच्या चांदे गावात मिळाला नाही तर पिरंगुटात एक दुकान आहे, मी चौकशी करून ठेवली आहे.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ देत नाही आणि मीही मग अर्ध्यावर थांबतो. कागदावर मला नीट बोलता येतं. पिंकी बुधवारी मामींना भेटायला येईल, तिच्याकडे देतो.

शुक्रवारी तुम्ही फोनवर म्हणालात, "त्या कोल्हापूरकराचं लई झालं. यंदा तीनदा टायब्रेकर, तिन्ही येळा हारला. मोकळ्या गोलात समोरनं बॉल घालता येत न्हाई पोरांना, मंग कोच हवाय कशाला? त्यापरीस कबड्डीचा मास्तर आणू." कॉलेजला जमीन तुम्ही दिलीत. कार्यकारिणीत तुम्ही बोललात की बाकीचे माना हलवतात, हे मला माहीत आहे. फुटबॉल कोच म्हणून शैलेश सरांचा अकरा महिन्यांचा करार ३१ मार्चला संपतो आणि तो वाढवायचा की नाही हे बुधवारी, १९ तारखेच्या मीटिंगला ठरणार आहे. मला कायम करण्याचा कागदही त्याच मीटिंगला आहे. म्हणून मी बोललो तर स्वतःसाठी बोलतोय असं दिसेल. तरी लिहितो.

मामा, सरांना तुम्ही फक्त निकालाच्या कागदावर पाहिलंय. मी रोज पाहतो. ऑगस्टमधली एक गोष्ट सांगतो. सर राहतात ती खोली इंद्रजितच्या वडिलांची आहे, आणि इंद्रजित टीमचा कॅप्टन. तो सलग तीन दिवस सरावाला उशिरा आला. सरांनी त्याला पुढच्या मॅचला बाहेर बसवलं. दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीचं पाणी बंद झालं. मोटार बिघडली म्हणे. सर दोन कॅन घेऊन कॉलेजच्या नळावर आले. मी म्हटलं, "सर, घ्या की खेळायला त्याला, कशाला वाकडं?" सर हसले. "भावा, पाणी हितनं भरतोय की मी. पण आज त्याला घेतला, तर उद्या आख्खी टीम उशिरा येईल." चार दिवस सरांनी कॅन वाहिले. पाचव्या दिवशी पावणेसहाला इंद्रजित मैदानावर हजर, आणि त्याच्या गाडीवर सरांचे भरलेले कॅन. तेव्हापासून तो पोरगा एक दिवसही उशिरा आलेला नाही.

आधी ही पोरं चौकात गाड्यांवर बसून असायची. आता सकाळी सहाला वीस जण पळत असतात. हे निकालाच्या कागदावर येत नाही.

टायब्रेकरच्या पेनल्टींबद्दल मी काय सांगणार? मी मैदान सांभाळणारा माणूस. एवढंच सांगतो की मैदानाची मापं आता सगळी बरोबर आहेत.

मीटिंगमध्ये सरांबद्दल दोन शब्द चांगले बोलावेत, ही विनंती. राग आला तर माझ्यावर काढा.

तुमचा भाचा,
साहिल


शनिवार, १५ मार्च २०२५

तीर्थरूप मामांना नमस्कार.

धुळवड कशी झाली? आमच्याकडे पोरांनी मैदानावर रंग खेळायचा हट्ट धरला होता. सरांनी त्यांना गेटच्या बाहेर काढलं. मला बरं वाटलं, नाहीतर रेषांची पांढरी फक्की आणि रंग एक झाला असता.

माझं पहिलं पत्र मामींनी तुम्हाला वाचून दाखवलं असं पिंकीने सांगितलं. तुम्ही "बगू" म्हणालात. तेवढ्यावर मी गप्प बसणार होतो. पण काल एक गोष्ट घडली आणि आता मला बसता येत नाही. हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. फाडलेल्या दोन्हींत मी खोटं लिहिलं नव्हतं, पण खरंही लिहिलं नव्हतं.

काल दुपारी सर एक कागद घेऊन आले. म्हणाले, "साहिल, तुझं अक्षर चांगलं हाय आणि शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं. कार्यकारिणीला अर्ज द्यायचाय, एवढा उतरवून दे." मी बारावी नापास, पण पाट्या रंगवता रंगवता माझं लिहिणं सुधारलं, हे सरांना कौतुकाचं वाटतं. मी बाकावर बसून उतरवायला घेतलं. चौथी ओळ अशी होती: "यंदाच्या तिन्ही स्पर्धांत टायब्रेकरमध्ये आलेले अपयश ही सर्वस्वी माझी जबाबदारी आहे. माझ्या शिकवण्यात कमतरता राहिली."

ती ओळ मी माझ्या हाताने लिहिली, मामा. एकही चूक न करता लिहिली.

आता खरं सांगतो. जबाबदारी सरांची नाही. माझी आहे.

गेल्या जूनमध्ये मैदान जेसीबीने सपाट केलं. कोपऱ्यांच्या आणि चौकटींच्या खुंट्या जागेवर राहिल्या, पण पेनल्टीच्या दोन्ही ठिपक्यांच्या खुणा गेल्या. सर तेव्हा गावी होते. मी पुस्तकात पाहिलं: गोलरेषेपासून अकरा मीटर. कॉलेजचा टेप तुटलेला होता. नवीन मागायचा तर अर्ज, सही, आठ दिवस. माझ्याकडे तुमची दोरी होती. प्लॉटिंगचं काम सोडलं तेव्हा तुम्ही मला दिलेली, गुंठ्याच्या एका बाजूला एक गाठ, म्हणजे तेहतीस फुटांवर गाठ. आणि तुम्ही शिकवलेलं पाठ होतं: "मीटर म्हंजी तीन फूट, वरचं काय आसंल ते सोडून द्यायचं." अकरा त्रिक तेहतीस. बरोबर गाठीवर आलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. वाटलं, आपली दोरी जणू फुटबॉलसाठीच केलेली. गाठीवर ठिपका मारला.

मामा, अकरा मीटर म्हणजे छत्तीस फूट एक इंच.

आठ महिने पोरांनी तीन फूट जवळून पेनल्टी मारली. सर रोज सरावाच्या शेवटी प्रत्येकाला पाच मारायला लावतात. जवळून उचलून मारलेला बॉल आडव्या खांबाच्या जेमतेम खालून जातो, तोच लांबून वरून जातो. गोलकीपर सौरभची उडी पण तेवढ्याच अंतराला बसलेली. आमच्या मैदानावर दहापैकी नऊ गोल. दुसऱ्यांच्या मैदानावर गेलं की बॉल वर. सप्टेंबरात वर, नोव्हेंबरात वर. सर प्रत्येक वेळी पोरांना म्हणायचे, "तुम्ही घाबरला न्हाईसा, मीच तुम्हाला शांत राहायला शिकवलं न्हाई."

मला कळलं १४ फेब्रुवारीला. पुण्यात तिसरी मॅच होती, मी पाण्याच्या बाटल्या घेऊन गेलो होतो. मैदान दिसलं की मला मोजायची सवय आहे, पिंकी हसते त्याला. माझी चप्पल अकरा इंचांची. आमच्याकडे गोलरेषेपासून ठिपका छत्तीस चपला. तिथे मोजलं तर एकोणचाळीस आणि वर थोडं. मी मनात म्हटलं, हे पुण्याचे लोक, एवढं मोठं कॉलेज आणि माप चुकीचं. मग संध्याकाळी टायब्रेकर झाला. इंद्रजितचा बॉल खांबावरून गेला, आणि त्या जास्तीच्या तीन चपला मला आठवल्या.

रविवारी सकाळी गावातल्या सुताराकडून टेप आणला. मोजलं. जुन्या ठिपक्यांवर माती टाकली, त्यावर गवताची चकती बसवली, तीन फूट एक इंच मागे नवे ठिपके मारले. आणि कुणालाही सांगितलं नाही. कायमचा कागद समोर होता. घरात बाळ येणार आहे. मी स्वतःला सांगितलं की चूक दुरुस्त केली, म्हणजे झालं.

पण त्या आठवड्यात सगळ्यांचे बॉल वर जायला लागले. आमच्याच मैदानावर. सर डोकं धरून बसले. "आरं काय करालायसा? कालपर्यंत तर जात होता!" पोरं एकमेकांकडे बघायची. मी फक्कीची पाटी घेऊन कोपऱ्यात उभा होतो. सरांनी मग कारण शोधत न बसता सगळं पहिल्यापासून सुरू केलं. पाय कुठे ठेवायचा, छाती किती वाकवायची, श्वास कधी सोडायचा. रोज अर्धा तास जास्त. आज चार आठवडे झाले. काल पोरांनी पन्नास मारल्या, त्रेचाळीस आत. खऱ्या मापावरून.

म्हणून मी म्हणतो की हा माणूस चांगला कोच आहे. हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही, कारण त्याला काय दुरुस्त करावं लागलं ते फक्त मला माहीत आहे.

सरांना अजून सांगितलेलं नाही. त्यांचा अर्ज उतरवला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचून पाठीवर थाप मारली. "मोत्यासारखं लिहितोस की लेका." मामा, ती थाप मला अजून लागते आहे.

उद्या सांगेन.

तुमचा,
साहिल


मंगळवार, १८ मार्च २०२५

तीर्थरूप मामांना नमस्कार.

काल तुम्ही स्वतः मैदानावर आलात. गाडीतून स्टीलचा टेप काढलात, बूट काढून अनवाणी चाललात आणि दोन्ही ठिपके मोजलेत. बरोबर आले. जुन्या जागेवरचं गवत बोटाने उचकटून पाहिलंत. मी शिव्यांची वाट पाहत होतो. तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "ज्याला तीन फूट कळत न्हाईत, त्यो कसला कोच रं?" आणि गाडीत बसलात. रात्र गेली, उत्तर आज लिहितो.

पहिलं उत्तर सरांचंच. मी त्यांना रविवारी सांगितलं. त्यांनी तसाच सराव घेतला, माझ्याकडे न बघता निघून गेले. सोमवारी, तुम्ही येऊन गेल्यावर, फक्कीच्या खोलीच्या दाराशी आले. डोळे लाल होते. म्हणाले, "तीन फूट तुझे. पण आठ महिने रोज त्या ठिपक्याजवळ मी उभा राहिलो आणि मला दिसलं न्हाई, ते माझं. त्यामुळं अर्ज बदलणार न्हाई मी." मी म्हटलं, "सर, निदान 'सर्वस्वी' एवढा शब्द तरी काढा." ते म्हणाले, "बरं. तेवढा काढ." मी तो शब्द काढून अर्ज पुन्हा लिहिला. तुमच्यासमोर उद्या जो येईल तो दुसरा आहे.

दुसरं उत्तर माझं. मामा, लिहू की नको असं होतंय. सरांना तीन फूट कळले नाहीत कारण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आपल्याकडे जमीन घेणारेही तसेच उभे राहायचे. दोरीचं एक टोक तुमच्या हातात, एक माझ्या हातात, आणि ते म्हणायचे, बरोबरच असणार. वरचं काय असेल ते आपण सोडून देत होतो, पण ते आपलं नव्हतं, त्यांचं होतं. हे मी तुम्हाला तोंडावर कधीच म्हणू शकलो नसतो. तुम्ही मला वडिलांच्या माघारी सांभाळलंत, कामाला लावलंत. तुमचा अपमान करायचा नाही. पण सरांना "तुला कळलं कसं नाही" असं विचारायचं असेल, तर तो प्रश्न सगळ्यांनाच विचारावा लागेल.

गेल्या वर्षी, जुन्या खुणा होत्या तेव्हा, सरांची टीम दोनदा टायब्रेकरला गेली आणि दोन्ही वेळा जिंकली. हे कागदावर आहे, ऑफिसच्या फाइलमध्ये, निळा पुठ्ठा. कृपा करून ती मागवा.

आणि मी कायम होण्याबद्दल तुम्ही काही बोलू नका. माझी चूक सांगितलीत तर पूर्ण सांगा. लपवलं हेसुद्धा सांगा, महिनाभर लपवलं. पिंकीला मी सगळं सांगितलंय. ती पहिल्यांदा रडली. मग म्हणाली, "बाळाला काय सांगणार हुतात, बाबा कायम हायेत पण कुणाकडं बघू शकत न्हाईत?" मग चहा टाकला.

उद्या मी ऑफिसच्या बाहेर असेन. बोलावलं तर आत येईन.

साहिल


गुरुवार, २० मार्च २०२५

तीर्थरूप मामा,

काल तुम्ही मीटिंग संपल्यावर मागच्या दाराने गेलात. मी पुढच्या दाराशी उभा होतो. म्हणून पुन्हा कागद.

आत काय झालं ते मला शैलेश सरांनी सांगितलं. त्यांच्या विषयाला त्यांना आत बोलावलं होतं. माझी मागची दोन्ही पत्रं तुम्ही खिशातून काढलीत, चष्मा घरी राहिला होता म्हणून प्राचार्यांचा चष्मा मागून घेतलात आणि सगळ्यांसमोर वाचलीत. अडखळत वाचलीत म्हणे, पण एकही ओळ गाळली नाहीत. मला वाटलं होतं गुंठे मोजण्याची गोष्ट तुम्ही गाळाल. खजिनदार हसले तेव्हा तुम्ही म्हणालात, "हसू नगा. मीटर म्हंजी तीन फूट हे मीच शिकवलंय त्याला."

सरांना सहा महिने मिळाले. अकरा मागितले होते. सप्टेंबरच्या स्पर्धेनंतर पुन्हा विचार करणार. माझा कागद एक वर्षाने येणार, असं नोटीस बोर्डावर लागलंय. मला ते वाचून वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. वाईट वाटलं. पण काल संध्याकाळी घरी जाताना मी पोरांसमोरून मैदानाच्या मधून गेलो. महिनाभर मी कडेकडेने जात होतो, हे मला तेव्हा कळलं.

पोरांना सरांनीच सांगितलं, आज सकाळी, सगळ्यांना गोल बसवून. मी मान खाली घालून उभा होतो. इंद्रजित उठला. मला वाटलं मारतोय. तो म्हणाला, "म्हंजी आमी घाबरट न्हवतो?" सर म्हणाले, "न्हाई." "तीन मॅच लोक आमाला घाबरट म्हणत हुते राव," एवढं बोलून तो बॉल घेऊन ठिपक्याकडे गेला. मागोमाग सगळे गेले. सौरभ गोलात उभा राहिला. माफ केलं असं मला कुणी म्हणालं नाही, पण टीममधल्या पियूषने पळता पळता माझ्याकडे बॉल टाकला आणि ओरडला, "साहिलदादा, तू पण एक मार!"

मी मारला. बाहेर गेला. सगळे हसले, मीसुद्धा.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता आमची आपापसात मॅच आहे. सरांनी तुम्हाला बोलवायला सांगितलंय. मी सावलीत खुर्ची ठेवतो. मामींनाही आणा. पिंकीला बघून जातील. कोच ठेवायला हवा होता की नको हे तुमचं तुम्ही ठरवा, पण या वेळी कागदावरून नाही, डोळ्यांनी.

तुमचा,
अजून हंगामी, पण आता ताठ मानेने कामावर असलेला भाचा,
साहिल कंधारे